अशनींचा शोध : कॅन्ससमधील एक शेत

इसवी सन १६२१ च्या एप्रिल महिन्यात जालंदर परगण्यातील एका खेड्यात पहाटेच्या सुमारास पूर्वेकडून प्रचंड गडगडाट ऐकू आला आणि आकाशातून काही तेजस्वी वस्तू जमिनीवर कोसळली. परगण्याचा अंमलदार महंमद सैद हा तत्काळ घोड्यावर बसून तेथे गेला. दहा-बारा गज लांबीरुंदीची जमीन होरपळून गेली होती. गवताचे पातेसुद्धा उरले नव्हते. त्याने खणावयास सांगितले. जसजसे खोल खणावे तसतशी आच अधिक लागे; शेवटी तापलेल्या लोखंडाचा एक गोळा हाती आला. तो थैलीत घालून, मोहोर लावून, बादशहाकडे रवाना करण्यात आला. जहांगीराने समक्ष वजन करविले ते १६० तोळे भरले. उस्ताद दाऊद नावाच्या कारागिराने त्यात साध्या लोखंडाचा चौथा हिस्सा मिसळून दोन तलवारी, एक कट्यार व एक सुरी घडविली. हा सर्व वृत्तान्त जहांगीराच्या आत्मचरित्रात आहे. आणि त्यातील सुरी आज वॉशिंग्टन येथील फ्रीर कलासंग्रहालयात पाहावयास मिळते.

या शोधात महंमद सैदाला फारसे श्रम पडले नाहीत. आवाज झाला होता, उजेड दिसला होता, जळलेले गवत जागा दाखवीत होते. परंतु अशनीच्या बाबतीत असा योग क्वचितच येतो. पृथ्वीवर पडलेल्या अशनींपैकी पडताना कोणी पाहिलेले अत्यल्प. बहुसंख्य अशनी समुद्रात गेले, अरण्यात हरवले, किंवा माणसाला काळाची गणना करता येत नव्हती तेव्हाच मातीखाली झाकले गेले. ज्याचा साक्षीदार नाही, ज्याची खूण नाही आणि जे वरून दिसतही नाही, ते शोधावयाचे कसे? या प्रश्नाचे उत्तर माणसाने टप्प्याटप्प्याने मिळविले. आणि ते सर्व टप्पे एकाच ठिकाणी पाहावयाचे असतील तर अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या कायोवा परगण्यातील ब्रेनहॅम येथील शेतांकडे वळावे लागते.

हा प्रदेश म्हणजे सपाट, गवताळ माळ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे वसाहत करावयास आलेल्या शेतकऱ्यांना एक गोष्ट लवकरच कळून चुकली : त्या मातीत दगड जवळजवळ नव्हतेच. त्यामुळे अधूनमधून जे काळे, ओबडधोबड आणि विलक्षण जड धोंडे सापडत, त्यांना घरोघर मोठी किंमत आली. ती किंमत अर्थात वजनाची. वाऱ्याने गवताची गंजी उडू नये म्हणून, तबेल्याचे छप्पर जागेवर राहावे म्हणून, पाण्याच्या पिंपावरचे झाकण हलू नये म्हणून हे धोंडे वापरले जात. नांगराचा फाळ मात्र त्यांच्यावर आदळून मोडे आणि शेतकरी शिव्याशाप देऊन धोंडा बांधावर ढकलून देई.

या लोकांत एलायझा किंबर्ली नावाची एक शेतकरीण होती. १८८५ च्या सुमारास ती नवऱ्याबरोबर तेथे राहावयास आली. लहानपणी आयोवा राज्यात असताना तिने एक अशनी पाहिला होता, असे सांगतात. शेतातले हे काळे धोंडे पाहताच तिला ती जुनी आठवण झाली आणि हे दगड आकाशातून पडलेले आहेत असे ती खात्रीने सांगू लागली. नवऱ्याला ते पटेना, शेजारी थट्टा करीत. तिने कोणाशी वाद घातला नाही. धोंडे गोळा करून ती अंगणात रचीत गेली आणि जाणत्या माणसांना पत्रे पाठवीत राहिली. पाच वर्षे असा पत्रव्यवहार चालला. अखेर १८९० मध्ये टोपीका येथील वॉशबर्न महाविद्यालयाचे प्राध्यापक क्रॅगिन ती रास पाहावयास आले; आणि त्यांनी तिच्यातील कित्येक धोंडे रोख पैसे देऊन विकत घेतले. तेव्हापासून त्या जागेला 'अशनींचे शेत' हे नाव पडले आणि थट्टा करणारे शेजारीही आपापल्या गंजीवरचे दगड निरखून पाहू लागले.

येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही, की शेजाऱ्यांच्या हाती तेच दगड होते. ते उचलीत होते, वाहत होते, वापरीत होते. त्यांना जे दिसले नाही ते एलायझाला दिसले. कारण आपण काय पाहत आहोत याची कल्पना तिच्या मनात आधीपासून होती. शोधाचे पहिले साधन ते हेच : ओळख.

ब्रेनहॅमचे अशनी 'पॅलसाइट' जातीचे आहेत. पीटर सायमन पॅलस या निसर्गशास्त्रज्ञाने १७७२ मध्ये सायबेरियात अशाच एका मोठ्या पिंडाची माहिती मिळविली, त्यावरून हे नाव रूढ झाले. लोखंड आणि निकेल यांच्या मिश्रधातूत ऑलिव्हिन नावाच्या खनिजाचे पिवळसर हिरवे स्फटिक जडविलेले, अशी त्यांची घडण असते. पातळ चकती कापून उजेडासमोर धरली तर त्या स्फटिकांतून प्रकाश आरपार येतो. ही घडण दुर्मिळ आहे. पडताना पाहिलेल्या अशनींत दगडी जातीचे शेकडा नव्वदांहून अधिक, निव्वळ लोखंडाचे शेकडा पाचांच्या आसपास आणि दगड व लोखंड असे दोन्ही असणारे शेकडा एकाच्या आसपास भरतात. गंजीवर ठेवलेला धोंडा हा या शेवटच्या, सर्वांत विरळ गटातला होता.

किंबर्ली बाईंच्याही पुष्कळ आधी या भूमीच्या मूळ रहिवाशांना हे लोखंड ठाऊक असावे. ओहायो राज्यातील होपवेल संस्कृतीच्या दफनटेकड्यांत अशनीच्या लोखंडाच्या वस्तू मिळाल्या आहेत. त्यांचे रासायनिक पृथक्करण करून, त्यांतील काही लोखंड ब्रेनहॅमच्या अशनींचे असण्याचा संभव १९६९ मध्ये संशोधकांनी मांडला. तसे असेल तर हे जड दगड शेकडो कोस वाहून नेण्याइतके त्यांना मोल होते. आणि ते छप्परावर ठेवण्यासाठी खासच नव्हते.

यानंतरचा टप्पा हार्वे नायनिंजर यांचा. कॅन्ससमधीलच मॅकफर्सन महाविद्यालयात ते जीवशास्त्र शिकवीत. ९ नोव्हेंबर १९२३ च्या रात्री त्यांनी एक मोठा अग्निगोल आकाश उजळीत जाताना पाहिला आणि त्याचा माग काढण्याचा ध्यास घेतला. ज्यांनी तो पाहिला त्यांना गाठावे, तो कोणत्या दिशेला दिसला हे विचारावे, त्या दिशांच्या रेषा नकाशावर ओढाव्या आणि त्या जेथे छेदतील त्या गावी जाऊन लोकांना सांगावे की असा असा दगड सापडल्यास कळवा, मोबदला मिळेल, ही त्यांची पद्धत. गंमत अशी, की जो अशनी शोधावयास ते निघाले त्याच्याऐवजी पूर्वी केव्हातरी पडलेले दुसरेच अशनी शेतकऱ्यांनी त्यांच्यापुढे आणून ठेवले. त्यावरून नायनिंजर यांनी ताडले की अशनी दुर्मिळ आहेत त्याहून त्यांना ओळखणारी माणसे दुर्मिळ आहेत. १९३० मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि पुढील आयुष्य या एका कामाला वाहिले.

ब्रेनहॅमच्या शेतात एक उथळ, लंबवर्तुळाकार खळगा होता. पूर्वी त्या माळावर फिरणारे बायसन, म्हणजे अमेरिकेतील रानगवे, लोळून लोळून असे खळगे पाडीत. हाही त्यांपैकीच एक, अशी लोकांची समजूत होती. नायनिंजर यांना शंका आली. १९३३ मध्ये त्यांनी तो खणून काढला, तेव्हा आतून अशनीचे गंजून गेलेले असंख्य तुकडे निघाले. जेमतेम १७ मीटर लांब आणि ११ मीटर रुंद असा हा खळगा अशनीच्या आघाताने पडलेले विवर ठरला. जगातील ज्ञात विवरांत तो अगदी लहानांपैकी एक होय. मात्र शोध आणि नाश येथे एकाच कुदळीने झाले. विवर आहे हे सिद्ध करण्यासाठी ते उकरावे लागले आणि उकरल्यावर पूर्वीचे विवर राहिले नाही.

आता यंत्राचा प्रवेश होतो. त्याची कहाणी मात्र माळावर सुरू होत नाही. ती एका रुग्णशय्येशी सुरू होते. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. एक गोळी शरीरात रुतून बसली आणि डॉक्टरांना ती सापडेना. दूरध्वनीचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने विद्युत्प्रवर्तनाच्या तत्त्वावर एक उपकरण तयार केले. धातूजवळ नेताच त्यातून आवाज निघे. प्रयोगात ते उत्तम चाले, परंतु अध्यक्षांच्या अंगावरून फिरविले तेव्हा निष्कर्ष निघेना. गादीखाली पोलादी तारा होत्या, त्यांनी यंत्राला चकविले. शिवाय डॉक्टरांनी शोध घेऊ दिला तो शरीराच्या उजव्या बाजूला, आणि गोळी होती डावीकडे. सप्टेंबरात गारफील्ड निधन पावले. धातुशोधक यंत्राच्या इतिहासाचे हे पहिले पान शोकपर्यवसायी खरे, पण त्यात या यंत्राविषयीचे सत्य पुरते सामावलेले आहे. जेथे नेले जाईल तेथलेच यंत्र सांगते. आणि जे सांगते ते फक्त 'येथे धातू आहे' एवढेच.

त्याची रचना समजण्यास कठीण नाही. तारेच्या वेटोळ्यातून सतत बदलणारा विद्युत्प्रवाह सोडला म्हणजे भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. ते क्षेत्र मातीत शिरते. वाटेत धातूचा तुकडा असला तर त्यात भोवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह उठतात. या प्रवाहांचेही स्वतःचे चुंबकीय क्षेत्र असते, आणि ते वर असलेल्या ग्राहक वेटोळ्याला जाणवते. यंत्र चालविणाऱ्याच्या कानात सूर बदलतो. वेटोळे लहान असेल तर सुपारीएवढा तुकडाही ऐकू येतो, पण फार खोलवरचे कळत नाही. वेटोळे मोठे केले तर खोलवरचा मोठा पिंड सापडतो, पण बारीक तुकडे निसटतात. गेऱ्हार्ड फिशर यांना अमेरिकेत १९३७ मध्ये अशा हाती वागविण्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचा अधिकारी योझेफ कोसाट्स्की याने सुरुंग शोधण्यासाठी केलेले यंत्र १९४२ मध्ये अल अलामीनच्या वाळवंटात ब्रिटिश सैन्याला उपयोगी पडले. युद्ध संपले आणि मृत्यूचा माग काढणारी विद्या शांततेच्या कामी लागली.

ब्रेनहॅमच्या शेतात ती लवकरच पोहोचली. जवळच्याच हचिन्सन गावचे स्टॉकवेल नावाचे गृहस्थ धातुशोधक यंत्र घेऊन तेथे शोध करू लागले आणि १९४९ मध्ये त्यांना सुमारे १००० पौंडांचा, म्हणजे साडेचारशे किलोग्रॅमचा, अखंड पॅलसाइट मिळाला. नांगर जेवढे खोल जातो त्याच्या खालचे जग प्रथमच बोलू लागले होते. हा पिंड ग्रीन्सबर्ग गावातील हातांनी खणलेल्या प्रसिद्ध 'मोठ्या विहिरी'शेजारच्या संग्रहालयात ठेवण्यात आला. ४ मे २००७ च्या रात्री भयंकर चक्रीवादळाने ते गाव जवळजवळ संपूर्ण जमीनदोस्त केले. संग्रहालयही गेले, अशनी मात्र ढिगाऱ्यातून शाबूत निघाला आणि २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या नव्या वास्तूत त्याची पुन्हा स्थापना झाली.

यंत्राच्या यशाबरोबर त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मोडलेला फाळ, घोड्याचा नाल, कुंपणाची तार, रिकामे डबे यांपैकी कशावरूनही सूर उठतो आणि शोधणाऱ्याचा दिवसच्या दिवस अशा खणण्यात जातो. काही भूमीत खडकांतच लोहखनिज असते, ते यंत्राला फसविते. उलट चंद्रावरून किंवा मंगळावरून आलेले अशनी शास्त्राच्या दृष्टीने अतिशय मोलाचे, पण त्यांत सुट्या धातूचा अंश नाममात्र असल्याने यंत्र त्यांच्यावरून मुक्यानेच जाते. वाळवंटांत आणि अंटार्क्टिकाच्या बर्फावर सापडलेले असे पाषाण बहुधा निव्वळ डोळ्यांनी हेरलेले आहेत. आणि सूर ऐकून धोंडा वर काढला तरी तो अशनी आहे हे यंत्र ठरवीत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत तो कापावा लागतो, निकेलचे प्रमाण तपासावे लागते, खनिजे पाहावी लागतात.

सापडलेला अशनी कोणाचा, हा आणखी एक प्रश्न. २ मे १८९० रोजी आयोवा राज्यात एक अशनी पडला. ज्या जमिनीवर तो पडला ती जॉन गॉडार्ड यांची होती. गवत कापण्याचा हक्क त्यांनी दुसऱ्याला दिला होता, त्याच्या संमतीने तिसऱ्याने दगड खणून काढला आणि विंचेल नावाच्या चौथ्या गृहस्थाला १०५ डॉलरला विकला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. शोधणाऱ्याचा हक्क मोठा की मालकाचा? १८९२ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की जो पदार्थ निसर्गक्रमाने येऊन भूमीत रुतला तो भूमीचाच भाग होय, म्हणून तो भूमिस्वामीचा. अमेरिकेत तेव्हापासून खाजगी जमिनीवर शोध घेणाऱ्याला आधी मालकाशी करार करावा लागतो. इतर देशांत कायदे निराळे आहेत. कित्येकांनी अशनी ही राष्ट्राची ठेव मानली आहे.

अशाच करारावर २००५ मध्ये स्टीव्ह आर्नल्ड आणि फिलिप मानी या दोघांनी ब्रेनहॅमच्या शेतजमिनी शोधासाठी घेतल्या. जुन्या लोकांनी वरचे धोंडे वेचले होते, स्टॉकवेल यांनी मधल्या थरातले काढले होते. या दोघांनी प्रचंड वेटोळे असलेले यंत्र वाहनामागून ओढीत शेतांवर फिरविले. त्या शरद ऋतूत सुमारे सात फूट खोलीवरून सुमारे ६५० किलोग्रॅम वजनाचा एक पिंड वर आला. त्याचा आकार शंकूसारखा होता. वातावरणातून येताना तो न गडगडता एकाच बाजूने पुढे आला आणि हवेच्या घर्षणाने ती बाजू तासली गेली, असे त्यावरून कळते. पॅलसाइट जातीत असा सुघटित पिंड फारच विरळा. वर्तमानपत्रांतून त्याच्या किमतीची चर्चा झाली, आणि ती होणे स्वाभाविकच होते. कारण आता अशनी हा बाजारात विकला जाणारा जिन्नस झाला होता.

शोधाचे खरे मर्म याच वळणावर प्रकट होते. बाजाराला पिंड हवा असतो. शास्त्राला पिंड हवाच, पण त्याहून अधिक त्याची जागा हवी असते. मोठा अशनी वातावरणात फुटला म्हणजे त्याचे तुकडे एका लांबट पट्ट्यात विखुरतात. जड तुकडे पुढे जातात, हलके मागे राहतात. कोणता तुकडा कोठे, किती खोल, कोणत्या मातीत पडला होता हे माहीत असेल तर तो अशनी कोणत्या दिशेने आला, केव्हा आला, कसा फुटला हे सांगता येते. नांगराने निघालेला धोंडा बांधावर नेऊन टाकला, की त्याचे वजन कायम राहते, पण त्याची साक्ष नाहीशी होते. पिढ्यान्‌पिढ्या असे किती साक्षीदार मुके झाले असतील!

म्हणूनच २००६ च्या डिसेंबरात त्याच शेतात झालेले उत्खनन विशेष महत्त्वाचे. धातुशोधकाने जागा दाखविल्यावर ह्यूस्टनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाच्या पथकाने लगेच कुदळ घातली नाही. भूमीत खोलवर पाहणारे रडार आणून आधी पिंडाचे स्थान निश्चित केले; मग पुरातत्त्वज्ञ जुने गाव उकरतात तसे थराथराने, हलक्या हाताने खणले, मातीचे नमुने घेतले, अशनी ज्या थरावर विसावला होता तो तपासला. निघालेला पिंड ७० किलोग्रॅमचा, म्हणजे आधीच्या पिंडाच्या मानाने लहान. पण तो मातीतून निघताना आपले बोलणे बरोबर घेऊन निघाला.

महाराष्ट्रातील लोणार सरोवराच्या संदर्भात हा धडा अधिकच स्पष्ट होतो. बुलढाणा जिल्ह्यातील हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आघाताने झालेले आहे हे आज सर्वमान्य आहे. तेथे धातुशोधक फिरवून अशनीचा पिंड शोधू म्हणणाऱ्याला दुहेरी अडचण येईल. एक तर काळ्या पाषाणातच चुंबकीय लोहखनिज असल्याने यंत्राला खडक आणि अशनी यांतील भेद करणे अवघड; आणि दुसरे, एवढ्या आघातात आदळणारी वस्तू बहुतांशी वितळून व वाफ होऊन जाते, शोधावयास पिंड उरतच नाही. लोणारचा निर्णय १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने झाला तो वेगळ्याच पुराव्यावर : विवराच्या तळातून वर काढलेल्या खडकांत प्रचंड दाबाच्या धक्क्याने स्फटिकांची काच झालेली आढळली. लोखंड नव्हते, लोखंडाने केलेला घावही नव्हे, घावाची खूण तेवढी होती, आणि ती वाचणारा डोळा होता.

जहांगीराच्या अंमलदाराला जळलेल्या गवताने वाट दाखविली; किंबर्ली बाईंना आठवणीने; नायनिंजर यांना शेतकऱ्यांच्या बोलण्याने; स्टॉकवेल व आर्नल्ड यांना वेटोळ्यातून उठणाऱ्या सुराने. साधन दर पिढीला अधिक खोल जात गेले, पण प्रत्येक वेळी त्याच्या मागे एक प्रश्न विचारणारा माणूस उभा होता. यंत्र धातू शोधते. त्या धातूला इतिहास आहे हे ओळखणे आणि तो इतिहास न पुसता जमिनीबाहेर काढणे, हे काम अजूनही माणसाचेच आहे. ज्या देशाच्या शेतांतून नांगर फिरतात त्या प्रत्येक देशात, बांधावर टाकलेल्या एखाद्या जड, काळ्या धोंड्याकडे पुन्हा एकदा पाहावे आणि उचलण्यापूर्वी त्याची जागा टिपून ठेवावी, एवढे शिक्षण कॅन्ससमधील त्या एका शेताने जगाला दिले आहे.